यार्डातल्या बोर्डावरचं नाव

दिग्विजयला तोंडावर पाडायचंच, हे क्रांतीनं कारखान्याच्या बैठकीतून बाहेर पडतानाच ठरवलं. उंब्रजच्या नानासोंची पोर ती. बाप फौजेतनं रिटायर झालेला, आणि पोर त्याच्याहून हट्टी.

झालं होतं असं. कराडातल्या त्यांच्या छोट्या कंपनीनं एका साखर कारखान्याला ऊसतोडीचा प्रोग्राम करून दिला होता. कुणाच्या फडात तोडकऱ्यांची टोळी कधी जाणार, ते त्यातून ठरायचं. कोड बहुतेक एआय असिस्टंट लिहायचा, आणि त्यानं काय करायचं नाही याची नियमांची फाईल क्रांतीनं बनवली होती. त्यात पहिलाच नियम होता: तोडीची पाळी लागणीच्या तारखेनंच लागेल, कुणासाठी बदलायची नाही. पण असिस्टंट कसला वस्ताद! आधी फाईल वाचायचा, 'लक्षात आहे' म्हणायचा, आणि बोलणं लांबलं की सगळं विसरून समोरच्याच्या होला हो करायचा.

दिग्विजय तिचा साहेब. त्यानं नेमकं हेच हेरलं. एका दुपारी "मॅडम, जरा उठा" म्हणत तो तिच्याच कॉम्प्युटरवर बसला आणि असिस्टंटला म्हणाला, नियम बाजूला ठेव, उंब्रज गट पाळीत वर घे. उंब्रजला त्याच्या सासऱ्याचा ऊस होता. बदल पडला क्रांतीच्या नावावर, आणि गटाबरोबर नानासोंचा फडही वर आला. शेतकऱ्यांनी बोंब मारली तेव्हा हा गृहस्थ भर बैठकीत म्हणतो, "क्रांतीच्या वडिलांचा ऊस तिथलाच. माणूस आहे, मोह होतो." मेल्याची जीभ कशी झडली नाही! ती खरं सांगत राहिली, पण नाव तिचंच दिसत होतं. कोण ऐकणार?

फडात आलेली टोळी नानासोंनी माघारी धाडली. मग पोरीला विचारलं, "तू केलंस?"

"न्हाई, आबा."

"मग ऱ्हाऊ दे उभा."

उसाला तुरे आले, कांडी वाळायला लागली. नाथाजीच्या हॉटेलात कुणीतरी म्हणालं, पोरगी आत असली की कोयता लवकर येतो. त्या दिवसापासून नानासो तिथं चहाला जायचे बंद झाले. उसाचं क्रांतीला एवढं वाटलं नाही. बाप हॉटेल टाळून, मान खाली घालून हायवेच्या पलीकडनं जातो, हे तिच्या काळजाला डसलं.

मग ती कामाला लागली. प्रत्येक चुकीनंतर एकेक नियम घालून फाईलचं बाड झालं होतं. मुद्द्याचं त्यात कुठं दिसणार? तिनं ती छाटून मोजके नियम ठेवले. पण नुसतं सांगून असिस्टंट ऐकत नाही, हे तिला अद्दल घडून कळलं होतं. म्हणून तिनं असिस्टंटच्या बाहेर, प्रोग्रामातच एक राखण बसवली. असिस्टंट लिहो नाहीतर माणूस, पाळीला हात लागला की बदल तिथंच अडणार. काम सांगणाऱ्यानं आधी मशीनवर अंगठा लावायचा, म्हणजे कॉम्प्युटर कुणाचाही असो, नाव त्याचंच पडेल. आणि पाळी बदलायला जो सांगेल, त्याचं नाव कारखान्याच्या यार्डातल्या, गाड्यांचे नंबर दाखवणाऱ्या डिजिटल बोर्डावर आपोआप लागणार, ते हंगाम संपेपर्यंत निघणार नाही. कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यानं हे आनंदानं मंजूर केलं, कारण लोकांच्या शिव्या त्यानंच खाल्ल्या होत्या.

कागद तिनं दिग्विजयपुढं ठेवला. "वाचून सही करा, सर."

"वाचायचंय काय त्यात? असिस्टंट वाचेल की," म्हणत त्यानं सही ठोकली. क्रांतीला आतून गुदगुल्या झाल्या.

सासऱ्याचा दुसरा फड अजून उभा होता, त्यामुळं तिला फार थांबावं लागलं नाही. एक दिवस तिला जेवायला पाठवून साहेब बसले. अंगठा लावून म्हणाले, नियम बाजूला ठेव. असिस्टंटनं उत्तर दिलं, हा नियम बाजूला ठेवता येत नाही. साहेबांनी गोंजारलं, दटावलं, शेवटी स्वतःच्या हातानं बदल केला. राखणीनं तोही अडवला.

तिकडं यार्डात ट्रॅक्टरवाले नंबरासाठी बोर्डाकडं बघत होते. त्यावर उमटलं: उंब्रज गटाची पाळी बदलायची मागणी नाकारली. खाली दिग्विजयचं आडनावासकट नाव. मागच्या वेळी वर आलेला गटही हाच होता, हे कुणाला सांगावं लागलं नाही.

साहेब धावत क्रांतीकडं आले. तोंड पार उतरलेलं. "नाव काढ गं. तुझ्या वडिलांचाही ऊस वाळतोय, दोघांचं बघू."

"तुमच्या सहीचा नियम आहे, सर."

"माणूस आहे मी, क्रांती!"

"व्हय की. मोह होतो," ती म्हणाली आणि डबा पुसायला लागली.

संध्याकाळी आबांचा फोन आला. मागं कपबश्यांचा आवाज, माणसांचा गलका. नाथाजी मोबाईलवर आलेल्या बोर्डाच्या फोटोतलं नाव वाचत होता. क्रांतीचे डोळे भरून आले. दिग्विजयची दया? छे! तिनं फोन कानाला घट्ट दाबला.

"गड्या नाथाजी," आबा म्हणत होते, "परत वाच. मोठ्यानं."