देवचंदची बेबी

जळगावला लागून असलेल्या पिंप्राळ्यात देवचंद झोपे यांची पिठाची गिरणी होती. दळणाचा डबा घेऊन आलेला माणूस पीठ हातात पडेपर्यंत तिथं उभा राहायचा आणि उभा राहिला की बोलायचा. त्यामुळे जळगावात काय चाललंय हे देवचंदांना वर्तमानपत्राच्या आधी कळे, आणि देवचंदांच्या घरात काय चाललंय हे जळगावाला देवचंदांच्याही आधी. त्यांची मुलगी नाटकात काम करणार आहे ही बातमी गिरणीवर पोचली, तेव्हा मुलीनं ती घरी सांगितलीसुद्धा नव्हती.

ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. मुलीचं नाव बेबी. बारशाचं नाव ठेवायचं राहून गेलं. शाळेत घालायला काका गेले आणि घरात जी हाक मारत तीच त्यांनी मास्तरांना सांगून टाकली. बेबी बी.कॉम. होऊन एका पतपेढीत कारकून होती. कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या लीलाधर सरांनी तिला तिथंच गाठलं. सरांची हौशी नाट्यसंस्था होती आणि एक कायमची डोकेदुखी होती. जळगावात तेव्हा नाटकाला पुरुष ढिगानं मिळत, बाई मिळत नसे.

देवचंद नाही म्हणाले नाहीत. आईला विचार, एवढंच म्हणाले. आई द्रौपदाबाईंनी विचार केला आणि सांगितलं की जा, पण मीही येईन. मग रोज संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये तालीम चाले आणि द्रौपदाबाई कोपऱ्यात ताटात डाळ घेऊन निवडत बसत. महिनाभरात त्यांना अख्खं नाटक पाठ झालं. कोणी अडखळलं की डाळीवरची नजर न काढता त्या पुढचं वाक्य सांगत. सरांनी पुढं प्रॉम्प्टर शोधणं सोडून दिलं.

तालमीतलं खरं काम जिभेचं होतं. बेबी घरी 'केळी'ला 'केयी' म्हणायची आणि 'मी आली, मी गेली' म्हणायची. सरांनी तिच्याकडून 'ळ' घोटून घेतला. प्रयोग जवळ आला तेव्हा नेपथ्याचा सोफा डॉक्टरांच्या दिवाणखान्यातून आला, पलंग वखारवाल्यांचा, आणि तिसऱ्या अंकातली जरीची साडी पतपेढीच्या मॅनेजरच्या बायकोनं स्वतः इस्त्री करून दिली. पहिल्या रांगेत बसलेली डॉक्टरीणबाई नाटकभर आपल्या सोफ्याकडेच बघत होती, असं नंतर सगळे हसून सांगत. नाटक सगळ्या गावाचं होतं, आणि त्यामुळे बेबीही.

पुढच्या वर्षी सरांनी स्पर्धेसाठी नवं नाटक घेतलं. त्यात बेबीची भूमिका नवऱ्याला आणि लहानग्या मुलीला सोडून निघून जाणाऱ्या बाईची होती. शेवटी ती दार उघडते आणि जाते. सरांनी बजावलं होतं की मागं वळून बघायचं नाही. तू वळलीस की नाटक पडलं.

प्रयोग धुळ्याला होता. बेबी वळली नाही. दार लागल्यावर नाट्यमंदिरात इतकी शांतता पसरली की विंगेत तिला वाटलं, लोक उठून गेले. मग टाळ्या आल्या. अभिनयाचं रौप्यपदक तिला मिळालं. परीक्षकांपैकी पुण्याचे एक दिग्दर्शक होते. त्यांनी तिला बाजूला घेऊन पत्ता दिला आणि कधी पुण्याला यावंसं वाटलं तर ये म्हणाले. तिनं हो म्हटलं आणि पत्ता पर्समध्ये टाकला. तेव्हा तिला कुठंच जायचं नव्हतं. परतीच्या एस.टी.त सगळे घसा बसेपर्यंत गात होते. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा सरांनी सगळ्यांना भजी खाऊ घातली, ड्रायव्हर-कंडक्टरलासुद्धा. भज्यांबरोबरची ती हिरवी मिरची इतकी झणझणीत होती की बेबीच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि सगळे म्हणाले, बघा, पदक मिळालं म्हणून रडते आहे. पुढं कितीतरी वर्षं सुख म्हटलं की तिला ती मिरची आठवायची.

त्याच सुमारास तिचं लग्न जमत आलं होतं. मुलगा धुळ्यात इंजिनियर. पसंती झालेली, फक्त सुपारी फुटायची राहिली होती. मुलाची आई हौसेनं नाटकाला येऊन गेली होती. आठवडाभरानं मध्यस्थ पुनामामा आले, चहाची बशी न पिताच खाली ठेवली आणि निरोप सांगितला. मुलगी गुणाची आहे, शिकलेली आहे. पण नाटकात का होईना, जी बाई लेकरू टाकून जाताना मागं वळूनसुद्धा बघत नाही, तिला घरात आणायला त्यांचं मन होत नाही.

बेबीला आधी हसूच आलं. पण दुसऱ्या दिवशी हीच गोष्ट गिरणीवर पोचली आणि हसू आटलं. लोक वाईट नव्हते. प्रत्येकाला तिचं भलंच व्हायला हवं होतं, आणि प्रत्येक जण पीठ होईपर्यंत देवचंदांना ते ऐकवत होता. बेबीला नाटकात सोज्वळ कामं द्या म्हणावं. देवीची द्या. देवचंद पट्ट्याच्या आवाजात ऐकू येत नसल्यासारखे करायचे आणि संध्याकाळी अंगावरचं पीठ न झटकता ओट्यावर बसून राहायचे.

त्या नाटकाचा जळगावात पुन्हा प्रयोग ठरला. तालमीच्या शेवटी लीलाधर सर तिच्याजवळ आले. त्यांना बोलायला जड जात होतं. म्हणाले, “बेबी, या वेळी जाताना जरा मागं वळून बघ. क्षणभरच. लोकांना बरं वाटेल.”

तिनं सरांकडे पाहिलं. ते तिच्या काळजीपोटीच सांगत होते. प्रयोगात ती दारात थांबली, वळली, मुलीकडे पाहिलं आणि गेली. प्रेक्षागृहानं सुटकेचा निःश्वास टाकला. टाळ्या धुळ्याच्या दुप्पट झाल्या. मेकअप उतरवताना बेबीला आरशात बघवेना.

पुण्याला जायचं तिनं त्याच आठवड्यात घरी सांगितलं. देवचंद या वेळीही आईला विचार म्हणाले. द्रौपदाबाई सगळ्या तालमी पाहिलेली बाई. म्हणाल्या, “जाय. इथं तू राणी झाली का चेटकीण झाली, लोक देवचंदचीच बेबी पाहतीन. जिथं कोणी वळखत नाही, तिथं काय होते ते पाहून ये.”

पुण्यात दिग्दर्शकांनी ओळख ठेवली. पण पहिल्याच दिवशी नावावरून सगळे हसले. बेबी झोपे नावाच्या नटीला तिकीट काढून कोण बघायला येणार? मधुरा देव, असं नाव त्यांनीच ठरवलं. देव म्हणजे देवचंदांचाच अर्धा भाग, असं तिनं मनाशी म्हटलं आणि मान डोलावली. दिवसा एका छापखान्यात प्रुफं तपासायची, संध्याकाळी तालीम, राहायला बायकांचं वसतिगृह.

तिथं तिला एक गोष्ट लवकर कळली. जळगावात ती उत्तम होती, कारण दुसरी कोणी नव्हतीच. इथं तिच्याहून चांगल्या मुली तालमीच्या दाराशी रांग लावून उभ्या होत्या. हे कळलं तेव्हा दुखलं, पण त्या दुखण्यातच ती शिकत गेली. मागं उभं राहून तिनं इतकी नाटकं पाहिली, की आपण आजवर नुसतं पाठांतर म्हणत होतो असं तिला वाटू लागलं. एकदा एका छोट्या प्रयोगात तिला सवतीवर विषप्रयोग करणारी बाई मिळाली. तिनं जीव ओतून ती क्रूर केली. दुसऱ्या दिवशी छापखान्यात, वसतिगृहात, भाजीवाल्यापाशी कोणी त्यावरून एक अक्षर बोललं नाही. त्या दिवशी तिला पंख फुटल्यासारखं झालं.

मग तिला कावीळ झाली. त्याच संध्याकाळी तिची भूमिका दुसऱ्या मुलीनं केली. ब्लाऊजला मागून टाचण्या लावल्या आणि पडदा वेळेवर उघडला. यात कोणाचं काही चुकलं नव्हतं. बरी होऊन ती तालमीला गेली तेव्हा काहींनी विचारपूस केली, आणि ती नव्हती ते काहींच्या लक्षातच आलेलं नव्हतं. जळगावात तिला साधा ताप आला होता, तेव्हा सरांनी प्रयोग पुढं ढकलला होता आणि घरात मोसंब्यांचा ढीग पडला होता.

एकोणनव्वद साली दिग्दर्शकांच्या पुण्यातल्या संस्थेच्या एका व्यावसायिक नाटकाचा खानदेशचा दौरा निघाला. त्यात बेबी मोलकरीण होती. चार वाक्यं, दोनदा चहाचा ट्रे. जळगावला गाडी शिरली आणि चौकातला फलक बघून तिनं खिडकीतून मान आत घेतली. प्रयोग विकत घेतलेल्या स्थानिक ठेकेदारानं नायिकेच्या नावाच्या वर लाल रंगात वेगळं लिहून घेतलं होतं: 'आपल्या जळगावची बेबी झोपे.'

प्रयोगाला उभं राहायला जागा नव्हती. पहिला अंक निम्मा झाल्यावर ती ट्रे घेऊन आली आणि टाळ्या सुरू झाल्या. त्या थांबेनात. मागून कोणीतरी बेबीताई अशी हाक दिली. नायिका पाठ करून उभी होती, तिचं पुढचं वाक्य राहून गेलेलं. बेबी मोलकरणीसारखी मान खाली घालून उभी राहिली. वर बघितलं असतं तर ती मोलकरीण राहिली नसती.

तेव्हा तिसऱ्या रांगेतून द्रौपदाबाई उठल्या. मागं वळून लोकांना म्हणाल्या, “बसा खाली. तिले काम करू द्या.”

एकदम हशा झाला आणि मग सगळं शांत. बेबीनं चहा ठेवला, वाक्य म्हटलं आणि गेली. मध्यंतरात लोकांनी ठेकेदाराला धरलं की आमच्या मुलीला एवढंच काम का. दुसऱ्यांदा ट्रे ठेवून ती गेल्यावर, आता ती परत यायची नाही हे कळलं आणि मागच्या काही रांगा उठून गेल्या. नाटक अजून अर्धा तास होतं.

प्रयोगानंतर ती नायिकेची माफी मागायला गेली. नायिका चेहऱ्याला खोबरेल लावत होती. म्हणाली, राग आला होता खरा. मग कापूस हातात तसाच धरून म्हणाली, “मुंबईत माझ्या शेजारणीला ठाऊक नाही मी काय करते ते. कशी गं लोकं तुमची.”

बाहेर द्रौपदाबाई थांबल्या होत्या. बेबी त्यांना म्हणाली की मला परत यावंसं वाटतंय.

“टाळ्या ऐकून?” त्यांनी विचारलं. “त्या तुझ्या कामाले नव्हत्या. तुले होत्या.”

“मला त्याच हव्या असल्या तर?”

द्रौपदाबाईंनी तिच्या गालावर राहिलेला रंग पदरानं पुसला आणि घरी भरीत केलंय, गाडी सुटायच्या आत दोन घास खाऊन जा म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला प्रयोग झाला. तिथं ती ट्रे घेऊन आली, गेली, कोणी ओळखलं नाही. पदक याच रंगमंचावर मिळालं होतं. तिनं चारही वाक्यं आजवर म्हटली नव्हती इतकी नेटकी म्हटली.

बेबी एक्याण्णव साली परत आली. हरून आली असं गिरणीवर काही दिवस बोललं गेलं. खरं तर त्याच वर्षी तिला पुण्यात एक बरी भूमिका देऊ केली होती आणि ती तिनं विचार करून नाकारली होती. पण हे कोणाला सांगत बसायचा तिला कंटाळा आला. एका शाळेच्या कार्यालयात नोकरी मिळाली. ज्या जळगावची तिला पुण्यात आठवण यायची ते मात्र थोडं हललं होतं. लीलाधर सर बदली होऊन धुळ्याला गेले होते. त्यांच्या संस्थेतले निम्मे लोक संसारात, निम्मे टीव्हीपुढं. केबल आली आणि तालमीला या म्हटलं की लोक मालिकेची वेळ सांगू लागले. सोफा मागायला गेली तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अगं, आता भाड्यानं मिळतो की.

तरी तिनं संस्था पुन्हा उभी केली. काही वर्षी नाटक झालं, काही वर्षी नाही. ती स्वतः बसवायला लागली. लग्न आधी ठरलं नाही, नंतर तिनं ठरवलं नाही. नाटकात कडक सासू केली की भाजीबाजारातली भागाबाई तिला अजूनही बोल लावते, आणि तोलून झाल्यावर वर दोन वांगी टाकते. पुण्यात शिकलेलं किती जणांना कळतं कोण जाणे. पण एखादी नवी मुलगी पहिल्यांदा वाक्य नुसतं न म्हणता बोलते, तेव्हा बेबीला ते लगेच ऐकू येतं.

गेल्या दिवाळीनंतर तालमीला आलेल्या अशाच एका मुलीनं विचारलं की ताई, पुणं सोडलं त्याचं वाईट नाही वाटत? बेबी म्हणाली, रविवारी दुपारचा प्रयोग संपला की ती तिथं एकटीच लक्ष्मी रोडनं चालत जायची. डोळ्यांत काजळ तसंच. रस्ताभर माणसं आणि एकालाही विचारायचं नसे की कोणाची गं तू, कुठं निघालीस, एकटीच का. वाटेत एक मिसळीचं दुकान होतं. तिथं ती उभ्या उभ्या खायची आणि मनातली भूमिका हळूहळू उतरू द्यायची.

“ते चालणं आठवतं,” ती म्हणाली. “इथं मी गल्लीच्या टोकाला पोचत नाही तोवर चार जण थांबवतात.”

मुलीला वाटलं ताई तक्रार करताहेत. तिनं सहानुभूतीनं मान हलवली. बेबीनं तिला दुसरा अंक काढायला सांगितलं.