वाघासाठी स्पीकर

करिष्मा दोनाडकरने तयार केलेला वाघ पहिल्याच प्रयोगात मोटारसायकल निघाला.

दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. लेकी-जावई येतात, दुकाने लागतात आणि रात्री नाटक होते. वडशाच्या पत्रूभाऊंच्या कंपनीने यंदा ‘कुंकू राखलं वाघानं’ हे नवे नाटक काढले होते. दुसऱ्या अंकात खलनायक नायिकेला जंगलात गाठतो, तेवढ्यात वाघाची डरकाळी येते आणि तो पळून जातो. वाघ मंचावर येत नाही, फक्त ऐकू येतो. म्हणजे नाटकाच्या नावातला वाघ काय तो तेवढाच.

करिष्मा कुरखेड्याजवळच्या आपल्या गावात घरच्या कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे व्हिडिओ करून देते. नाटकातले सगळे आवाज पत्रूभाऊंनी तिच्याकडे सोपवले होते. पाऊस, आगगाडी, कोर्टातली घंटा आणि वाघ. हे जमले तर पुढच्या हंगामापासून कंपनीच्या सगळ्या नाटकांचे आवाज तिचे, असा शब्द दिला होता. करिष्माला लग्नपत्रिकांचा कंटाळा आला होता. हे काम तिला मनापासून हवे होते.

वाघ तिने इंटरनेटवरून उतरवला नाही. तिथला एकच वाघ सगळ्या कंपन्या वापरतात आणि प्रेक्षक त्याला आवाजावरून ओळखतात. तिने नवऱ्याला, धनराजला, धान ठेवायच्या रिकाम्या लोखंडी कोठीत तोंड घालून गुरगुरायला लावले. धनराजचे मोटार वाइंडिंगचे दुकान आहे. गुरगुरण्याचा अनुभव नव्हता, पण हौस दांडगी. तो आवाज तिने संथ केला, जाड केला आणि दिराच्या होम थिएटरवर लावून पाहिला. खिडकीची तावदाने थरथरली. घरातले सगळे खूश झाले.

प्रयोगाच्या दिवशी मात्र डरकाळी फुटली आणि मागून कोणीतरी ओरडले, “अबे, वाघ फटफटीवर आला बे!”

मांडव हसला. दुसरा म्हणाला, “चोक दे गा त्याले!” खलनायकाने पळायचे सोडून पोट धरले. नायिका पदराआड तोंड लपवून रडत राहिली. खांदे हलत होते, पण ते रडण्याने नव्हे.

सकाळी पत्रूभाऊंचा फोन आला. ते रागावले नाहीत, याचीच करिष्माला धास्ती वाटली.

“पोरी, पुढच्या आठवड्यात तुमच्याच गावात मंडई हाय. तवापर्यंत वाघ आण. नाई तर वडशाचा एक पोट्टा म्हणून राह्यला का मोबाइलवरून वाघ उतरवून देतो.”

“त्याचा वाघ सगळ्यायले पाठ हाय, भाऊ.”

“पाठ हाय, पण त्याले कोणी हासत नाई.”

करिष्मा दिवसभर विचार करत राहिली. संध्याकाळी तिला चूक सापडली. दिराच्या होम थिएटरमध्ये दणका देणारा एक मोठा डबा होता. प्रयोगाला बांबूवर बांधतात त्या भोंग्यांत तसला दणका नसतो. तो गेल्यावर तिच्या डरकाळीत उरली ती नुसती फटफट. घरी ऐकलेला वाघ डब्याचा होता, तिचा नव्हता. ऐकायचे साधनच फसवत असेल तर आवाज सुधारायचा कसा?

दुसऱ्या दिवशी ती आणि धनराज वडशाला रईसभाईंच्या दुकानात गेले. अटी तिने रस्त्यातच सांगून ठेवल्या. किंमत दोन हजारांच्या आत. टेबलावर प्रिंटर आणि पत्रिकांचे नमुने असल्याने स्पीकर लहान. टेबलाखाली काही ठेवता येणार नाही, तिथे बियाण्याची पोती.

“अन् लाइट?” धनराजने विचारले.

“कशाचा लाइट?”

“आजकाल स्पीकरले लाइट रायते. निळा.”

“वाघाले लाइट नाई रायत,” करिष्मा म्हणाली.

रईसभाईंच्या दुकानात स्पीकर दाखवण्याची एक ठरलेली पद्धत आहे. गिऱ्हाईक काहीही मागो, ते धुमाल बँडचे एकच गाणे लावतात. ढोल-ताशे इतके कडाडतात की समोरच्या टपरीवरचा चहावाला आत डोकावून जातो. त्यांनी पहिला संच लावला. दोन छोटे स्पीकर, सोबत दणक्याचा डबा आणि डब्यावर निळा लाइट. काउंटरवरची टाचणी नाचू लागली.

“वहिनी, पूरा मोहल्ला उठते याच्यानं,” रईसभाई म्हणाले.

“मोहल्ला झोपू द्या, भाई. तुमचं गाणं बंद करा, माहं लावा.”

तिने पेनड्राइव्ह दिला. डरकाळी झाली. रईसभाई एक पाऊल मागे सरकले. “अल्ला! असली लावला का काय?”

धनराजची मान ताठ झाली. “मी हाय तो.”

“तुमी?”

“कोठीत.”

“हेच घ्या मग, वहिनी. याच्यावर मियाँ शेर वाटून राह्यले.”

“म्हणूनच नाई घ्यायचं,” करिष्मा म्हणाली. “दुसरं दाखवा.”

दुसरा एक लांबट साउंडबार होता, मॉनिटरखाली बसणारा. त्यावर वाघ डबक्यात पडल्यासारखा आला. तिसरी जोडी रईसभाईंना शोधावी लागली; ती कोणी मागत नाही म्हणून वरच्या फळीवर, धुळीत. विटेएवढे दोन काळे डबे, वायर कॉम्प्युटरच्या यूएसबीला, उजव्याच्या तोंडावर आवाजाचे एक बटण. लाइट नाही, दणका नाही.

“हे फिके हायेत,” रईसभाईंनी आधीच सांगून टाकले. “लोकं गाणं आइकते अन् परत ठेवते.”

तिने डरकाळी लावली. कोठीचा पत्रा झणझणत होता, मागे पंख्याची घरघर होती आणि त्या सगळ्यात एक माणूस घसा खरवडून ‘आ’ करत होता.

धनराजचा चेहरा पडला. “हा तं मीच हाओ.”

“आता कळलं लोकं काऊन हासले?”

“बंद कर ना वो. बाहेर लोकं आइकून राह्यले.”

करिष्माने बंद केले नाही. तिने डरकाळी पुन्हा लावली, डोळे मिटून ऐकली. मग एका बाईच्या बोलण्याचा तुकडा लावला, मग पाऊस. पाऊसही तिला तेलात भजी तळल्यासारखा वाटला, आणि तिला फार आनंद झाला. चुका एकेक करून समोर येत होत्या.

“हेच द्या,” ती म्हणाली.

रईसभाईंनी धनराजकडे पाहिले. “भाऊ, वहिनी सगळ्यात खराब आवाजाचं घेऊन राह्यल्या.”

“आवाज खराब माहा हाय,” धनराज म्हणाला. “स्पीकर चांगला हाय.”

घरी येऊन तिने दोन्ही डबे मॉनिटरच्या दोन बाजूंना, कानाच्या उंचीवर येतील असे पत्रिकांच्या गठ्ठ्यांवर ठेवले. मग काम सुरू झाले. कोठी बाद झाली. धनराज आता माठात गुरगुरू लागला. पंखा बंद. श्वासासाठी तिने धानाचे पोते ओसरीवरून ओढून त्याची खरखर घेतली. जुळवून झाले की स्वयंपाकघराकडे पाहून हाक मारायची, “आइका वो, कोण हाय?”

“मी,” धनराज तिकडूनच म्हणायचा.

थोड्या वेळाने पुन्हा. “आता?”

“मीच. सर्दी झालेला.”

एकदा तो म्हणाला, “हा माहा बाप वाटते,” आणि ती हसून खुर्चीवरून पडायची राहिली. शेजारच्या मीराबाई कुंपणावरून विचारून गेल्या, “धनराजले बरं नाई का गा? काल्हपासून कण्हून राह्यला.”

जाडपणा वाढवण्याचा मोह तिने सोडला होता. ती जाड आणि बारीक यांच्यामधला आवाज घासत होती, भोंग्यातून तोच जाणार होता. प्रयोगाच्या आदल्या दिवशी दुपारी तिने पुन्हा हाक मारली. स्वयंपाकघरातून उत्तर आले नाही. धनराज हातात भाकरीचा तुकडा घेऊन दारात उभा होता.

“हे कोण हाय?” त्याने विचारले.

करिष्माने फाइलला नाव दिले आणि कॉम्प्युटर बंद केला.

मंडईच्या दिवशी गावाबाहेरच्या शेतात मांडव उभा राहत होता. पलीकडे नाला आणि नाल्यापलीकडे जंगल. दुपारचे ऊन होते, शेजारच्या शेतांत, धानाच्या बांध्यांत, बायका कापणी करत होत्या. बांबूवर भोंगे बांधून झाले तसे पत्रूभाऊ खुर्ची टाकून बसले.

“लाव तुहा वाघ. आताच पाहून घेऊ. रात्री इज्जतीचा सवाल हाय.”

करिष्माने आवाजवाल्याला पेनड्राइव्ह दिला. धनराज जवळ नव्हता. तो नाल्याकडच्या झुडपांआड गेला होता, का ते सांगायची गरज नाही.

डरकाळी शेतावरून गेली आणि जंगलावर आपटून परत आली.

खांब रोवणाऱ्यांनी पहारी टाकल्या. खलनायकाचे काम करणारा नट चहा पीत होता, तो कपासकट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दिसला. बांध्यांतल्या बायकांनी एकमेकींना हाका मारल्या, एकत्र झाल्या आणि कोणीतरी डबा बडवायला घेतला. वाघाच्या मुलुखात ही शिस्त सगळ्यांना ठाऊक असते. गुरे शेपट्या वर करून गावाकडे निघाली. आणि नाल्याकडून, एका पायात चप्पल, लुंगी दोन्ही हातांत धरून, धनराज धावत आला.

“वाघ! तिकडं हाय! पळा!”

करिष्माने त्याचा दंड धरला. “अवो, तुमीच हाओ तो.”

धनराज थांबला. त्याने भोंग्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. “मी एवढा होतो?” त्याने विचारले.

आधी ट्रॉलीतला नट हसला. मग मांडववाले. बायकांपर्यंत बातमी गेली तसा बांध्यांतूनही हशा आला, आणि या वेळी वाघाला कोणी हसत नव्हते.

वनरक्षक ललिता मॅडम मोटारसायकलवरून आल्या तेव्हा मात्र सगळे गप्प झाले. गावातून तीन फोन गेले होते. त्यांनी डरकाळी पुन्हा लावायला सांगितली, हळू आवाजात. ऐकताना त्यांचा हात नकळत काठीवर गेला.

“असं न सांगता वाजवायचं नाही,” त्या कडक आवाजात म्हणाल्या. “खरा आला तेव्हा लोकांनी मांडवातला समजला तर? रात्री आधी सूचना द्या. अन् आता मी नोंद काय करू?”

“लिहा मॅडम,” पत्रूभाऊ म्हणाले, “नर, वय चौतीस, मोटार वाइंडिंग करते.”

ललिता मॅडमना हसू आवरले नाही.

त्या गेल्यावर पत्रूभाऊ करिष्माकडे वळले. “पुढच्या वर्षीची सगळी नाटकं तुही. वडशाच्या पोट्ट्याले मी फोन करतो. कोणत्या मशिनीवर केलं हे?”

“विटेएवढे दोन डबे हायेत, भाऊ. फिके.”

“फिके कसे?”

“जे हाय तेच आइकवतात.”

रात्री दुसऱ्या अंकाआधी निवेदकाने सूचना दिली: आता येणारा वाघ नाटकातला आहे, कृपया जागेवर बसून राहावे. लोक हसले. डरकाळी झाली आणि पुढच्या तीन रांगा उठून उभ्या राहिल्या. खलनायक अभिनय न करता पळाला.

कंपनीच्या पुढच्या पोस्टरवर तळाशी नवी ओळ आली: आवाज, करिष्मा दोनाडकर. धनराजने ती दोनदा वाचली, मग वडशाला जाऊन पत्रूभाऊंशी वाद घातला. म्हणून आता त्याखाली आणखी एक ओळ असते, जरा बारीक अक्षरात: वाघाच्या भूमिकेत, धनराज.