तिसरा सड

"बघ, पुन्हा गाठी." अक्काने तिसऱ्या सडाची धार काळ्या फडक्यावर सोडली. दूध फाटल्यासारखं पसरलं. सुईमामा दिसताच भुरी गायीने मागचा पाय उचलून धरला.

गुरांच्या दवाखान्यात बत्तीस वर्षं कंपाउंडर राहिलेल्या सुईमामाची कीर्ती अशी, की त्याच्या सायकलची घंटी वाजली की गोठ्यातला ताप उतरायचा. एकदा तर शेजारच्या म्हाताऱ्याचाही उतरला होता. हे सांगणारा अर्थात तोच. कास सुजली, की सडात पाच दिवस औषधाच्या नळ्या भरायच्या, असा नियम. मामा दोनच दिवस भरायचा. दूध साफ दिसलं, की उरलेल्या नळ्या पुढच्या गोठ्याला. "निम्म्या औषधात गाय ठणठणीत!" म्हणत फिरायचा. थोरल्या बहिणीची, अक्काची, ही भुरी वर्षात चार वेळा त्याने अशीच ठणठणीत केली होती.

या खेपेला मात्र औषधाने काडीचा फरक पडेना. मामा दुधाची बाटली घेऊन प्रयोगशाळेत गेला. तिथल्या बाईंनी दोन दिवसांनी दुधातले जंतू वाढवलेली काचेची बशी पुढे ठेवली.

"या सहा चकत्या म्हणजे सहा औषधं. जे लागू पडतं, त्याच्याभोवती मोकळं कडं दिसतं."

मामाने चष्मा पुसला. पुन्हा पुसला. जंतूंची साय सहाही चकत्यांना भिडलेली होती.

"औषध अर्धवट सोडलं, की चिवट जंतू तेवढे मागे उरतात," बाई म्हणाल्या. "कुणी सोडलं हो?"

मामाकडे कुठल्याही प्रश्नाला एक गोष्ट तयार असायची.

"मी," तो म्हणाला.

गोठ्यात अक्का वाटच बघत होती. "आज कुठली सुई रे?"

"सुई नाही. हिला लागू पडेल असं औषधच नाही राहिलं. बाकीच्या दोघींना लागण व्हायच्या आत हिला इथून हलवायला हवं."

"विकू म्हणतोस?"

"नको. दुसऱ्याच्या गोठ्यात जाईल हे दुखणं. माझ्या अंगणात बांधतो. आटेपर्यंत दूध पिळून फेकायचं."

"गेल्या खेपेला म्हणालास, पार बरी झाली!"

"म्हणालो खरा."

"थापाड्या," अक्का म्हणाली. हे ती लहानपणापासून म्हणायची. आज हसली नाही तेवढंच. दावं सोडून तिने त्याच्या हातात दिलं.

भुरीने सवयीने पाय उचलला. मामाने दुसऱ्या हाताचा रिकामा तळवा तिच्यापुढे धरला. तिला ते पटलं नाही. ती पाय खाली टेकेपर्यंत तो दावं धरून तसाच उभा राहिला.