तिसरी बॅटरी

तीन महिन्यांत तिसरी बॅटरी बसली म्हटल्यावर मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाची आग मस्तकात जायला वेळ असा लागतच नाही, म्हणून तर सगळे त्याला पाठीमागे ‘फ्यूज’ म्हणतात. चाळीस वर्षं त्याने जुन्या ट्रॅक्टरांचे डायनामो दुरुस्त केले आणि गिऱ्हाइकांशी भांडणं केली, दोन्ही अगदी मन लावून.

पण या वेळी तक्रार घेऊन आली होती त्याची सख्खी धाकटी बहीण. रोपवाटिका तिची, ट्रॅक्टर तिचा, चालवायचीही तीच. काल रोपांनी भरलेली ट्रॉली मागे असताना ट्रॅक्टर भर रस्त्यात बंद पडला तो पडलाच.

"दादा, बास झालं. उद्या अल्टरनेटर बसवणारा येतोय. तुझा डायनामो नि तुझी ती रेग्युलेटरची डबी, दोन्ही भंगारात!" तिचा आवाज लहानपणापासून खणखणीत. शब्दन्‌शब्द त्याच्या डोक्यात शिरला.

"उद्या ना? मग आजचा दिवस माझा," तो गरजला. "आज मी लावतो. त्यानंतर बॅटरी बसली तर दुकानाला कुलूप घालीन. पुन्हा स्क्रूड्रायव्हर हातात धरणार नाही!"

बोलून गेला खरा. रोपवाटिकेच्या शेडपर्यंत जाताना आपण जरा जास्तच बोललो असं वाटत होतं, पण ते कबूल करेल तर तो फ्यूज कसला.

त्याने बॉनेट उघडलं. पट्टा दाबून पाहिला, ठीक. डायनामोचे कार्बन ब्रश काढून पाहिले, तेही ठीक. एकेक गोष्ट ठीक निघत गेली तसा त्याचा पारा चढत गेला, कारण खापर फोडायला काहीतरी बिघडलेलं लागतं. उरली रेग्युलेटरची काळी डबी. डायनामोने बॅटरीला किती पाजायचं ते ही डबी ठरवते. आतला स्क्रू फार आवळला की बॅटरी उकळते, फार सैल सोडला की उपाशी मरते.

"कोणीतरी स्क्रूला हात लावलाय!"

"कोण लावणार? इथे मी नि ट्रॅक्टर, दोघंच."

त्याने झाकण काढलं. स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. काम झालं की तो बायकोच्या बाटलीतला हा ठिपका लावायचाच, म्हणजे कोणी चोरून स्क्रू फिरवला तर पकडला जाईल. ठिपका जसाच्या तसा होता. स्क्रू त्याने ठेवला तिथेच होता. मग तर तो आणखीच भडकला.

"बॅटऱ्याच भिकार येतात हल्ली!"

बहीण मागे वळून रोपांना पाणी देता देता काहीतरी म्हणाली.

"काय पुटपुटतेस? तूही सुरू झालीस? घरी बायको पुटपुटते, दुकानात गिऱ्हाइकं पुटपुटतात. तोंड उघडून बोलायला काय जातं लोकांचं?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग पाण्याचा पाइप खाली टाकून ट्रॅक्टरजवळ येऊन उभी राहिली.

व्होल्ट मोजायचा मीटर त्याने जन्मात वापरला नव्हता. बापाने शिकवलेली रीत ठरलेली: इंजिन एका ठरलेल्या वेगावर चालू ठेवायचं, स्क्रू पूर्ण आवळायचा. लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक डबीला, मूठ कानाला. मग दुसऱ्या हाताने स्क्रू केसाएवढा सैल, आणखी केसाएवढा सैल, की एका जागी आतून बारीक गुणगुण सुरू होते. बाप म्हणायचा, "माशी बोलली की थांब." लहानपणी दोघं भावंडं त्या माशीसाठी आळीपाळीने कान लावून बसायची.

आजही मिस्त्री जिवाचा कान करून वाकला. थोडा सैल. आणखी थोडा.

खांद्यावर हात पडला. "दादा, थांब!"

"मध्ये बोलू नकोस! अजून नाही बोलली."

तिने त्याच्या हातातली मूठ सरळ ओढून घेतली आणि आपल्या कानाला लावली. मग त्याच्या तोंडासमोर येऊन ओरडली, "कधीची बोलतेय! मला इथे उभं राहून ऐकू येतेय. तू कितीतरी पुढे गेलास!"

"खोटं!"

त्याने मूठ हिसकावून उजव्या कानाला दाबली. इंजिनाची धडधड. डाव्या कानाला दाबली, कान लाल होईपर्यंत. धडधड, बाकी काही नाही. ओरडावंसं वाटत होतं, पण कोणावर ओरडणार? बॅटऱ्या चांगल्या होत्या. बायको पुटपुटत नव्हती. आणि गेल्या महिन्यात दोन माणसं हीच तक्रार घेऊन आली होती, तेव्हा त्याने दोघांना दुकानाच्या पायरीवरून हाकलून दिलं होतं. त्यातला एक जाताना काही बोलला होता, तेही याला पुटपुटणंच वाटलं होतं. स्वतःचीच अशी चीड त्याला कधी आली नव्हती.

त्याने स्क्रू पुन्हा पूर्ण आवळला आणि मूठ बहिणीच्या हातात दिली.

"धर. बोलली की पाठीत मार."

तो स्क्रू फिरवू लागला. हात मात्र पूर्वीचाच, तसूभर न हलणारा. पाठीवर थाप पडली. तो थांबला.

"हळू काय मारतेस? जेवली नाहीस का?"

तो मागे सरकला. स्टिअरिंगपुढच्या मीटरचा काटा हळूच चार्जिंगच्या बाजूला सरकला. स्क्रूवर लाल ठिपका लावून त्याने झाकण बसवलं नि बाटलीचं बूच घट्ट केलं. डोळे भरले होते, म्हणून उगाच डिझेलच्या धुराला एक शिवी घातली.

"त्या अल्टरनेटरवाल्याला फोन कर. येऊ नको म्हणावं."

"तूच कर की. भांडायची हौस तुलाच."

"तू कर," तो म्हणाला. "तो काय बोलेल ते मला ऐकू येणार नाही." मग हत्यारांची पिशवी उचलून ट्रॅक्टरवर चढला आणि बाजूच्या मडगार्डवर बसला. "आणि गाडी काढ. दोन घरी जायचंय. डबी मी उघडीन, कान तू आण."