पाद्री आला नाही त्या रविवारी

निन्फा डोंगर उतरून काकाच्या किनाऱ्यावर पोचली तेव्हा तिथं चिटपाखरू नव्हतं. काळे गोटे, गोट्यांवर ओढून ठेवलेल्या पाच-सहा होड्या, आणि भिंतीच्या सावलीत शेंगा सोलत बसलेली वेन्नेरा म्हातारी. बास. उन्हाळ्यात चार पाहुणे येतात, टॉवेल अंथरतात, "किती शांत गं बाई" म्हणत भाजून घेतात नि जातात. आज लाटा उंच होत्या, म्हणून तेही नव्हते.

"बघ, सगळी चर्चमध्ये मिस्साला गेलीत," ती सावेरिओला म्हणाली. "हलव हातपाय."

सावेरिओ तिचा मोठा भाऊ. बंदरावरच्या हॉटेलात वेटर. पांढरा शर्ट घालूनच आला होता गाढव.

"निन्फा, काकाशी नीट बोलून बघू ना एकदा."

"तीनदा बोलले. तिसऱ्यांदा थुंकला माझ्या पायाशी."

होडी त्यांच्या बापाची. बाप फेब्रुवारीत फुप्फुसानं गेला. होडी ठेवायची ती ओनोफ्रिओ काकाच्या किनाऱ्यावर, कारण बेटावर उतार चांगला तेवढाच. बाप मातीत गेला त्या आठवड्यात काकानं होडीवरचं 'कार्मेला' हे नाव हिरव्या रंगानं पुसलं नि होडी आपली म्हणून ठेवून घेतली. कार्मेला म्हणजे त्यांची आई. म्हणाला, एक वेटर नि एक पोरगी, मासे काय नजरेनं धरणार? निन्फा तीन वर्षं बापाबरोबर जाळी ओढत होती. शाळा सोडली ती त्यासाठीच. तिला दुसरं काही येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं.

तिनं दोर कापला. सावेरिओनं चरबी लावलेले ओंडके होडीपुढं आडवे टाकले.

"कोण गं ती?" अधू डोळ्यांची वेन्नेरा ओरडली. "चोर का?"

"चोर तुमच्यात राहतो, म्हातारे."

"मग जोरात बोल, त्यालाही ऐकू जाईल. मिस्सा नाही आज. पाद्र्याची बोट नाही आली लाटांमुळं. सगळी घरातच आहेत."

एवढं साधं गणित! समुद्र खवळला की पाद्री येत नाही, हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. आणि निन्फा पहाटेपासून लाटांकडं बघत होती.

मागं गोटे वाजले. काका, त्याच्यामागं त्याचे दोन पोरगे, तिंदारो नि प्लाचिदो. तिंदारोच्या तोंडात अजून पाव होता.

"वा वा," काका म्हणाला. "पाहुणे! आणि कॉफी न घेताच निघाले?"

"काका, होडी आमची आहे."

"तुझी? मिशा फुटल्या का गं तुला?"

निन्फानं पायाजवळचा ओंडका उचलून फिरवला. तो काकाच्या खांद्यावर बसला, काका गोट्यांवर आडवा. मग सगळं एकदमच सुरू झालं. तिंदारोनं तिचे केस धरले नि तिचं तोंड होडीच्या कडेवर आपटलं. तिनं वळून त्याच्या मनगटाचा लचका तोडला. प्लाचिदो सावेरिओच्या छातीवर बसून गुद्दे घालत होता, नि सावेरिओ खालून ओरडत होता, "शर्ट सोड! शर्ट सोड!"

"अरे, त्याला सरळ मार की!" वेन्नेरा भिंतीपासून ओरडली. कुणाला म्हणाली, देव जाणे.

तेवढ्यात तिंदारोची लाथ निन्फाला न लागता होडी अडवून धरणाऱ्या पाचरीला लागली. पाचर उडाली आणि होडी निघाली.

त्या किनाऱ्यावर एक गोष्ट अशी आहे की ती कुणी कुणाला शिकवत नाही. होडी हलली की जो असेल त्यानं हात लावायचा. वैरी असो, नवरदेव असो. काकानं पडल्या जागेवरून उठून खांदा दिला. प्लाचिदो सावेरिओच्या छातीवरून उठला नि ओंडका घेऊन पुढं पळाला, सावेरिओ दुसरा घेऊन त्याच्यामागं. "डावीकडं! डावीकडं धर!" रक्ताळलेल्या तोंडांनी सगळे एकमेकांना ओरडत होते. पाच जणांनी होडी सरळ पाण्यात नेली, अगदी झोकात.

निन्फा उडी मारून चढली, आणि इंजिन सुरू झाल्यावर काकाला उमगलं आपण काय केलं ते.

"परत आण!"

"आण म्हणे!" ती हसली. ओठ फाटला होता, तरी हसली. होडी पायाखाली उसळत होती, बापाची होडी, आणि समोर सगळा समुद्र मोकळा.

मग तिनं मागं पाहिलं. सावेरिओला दोघांनी धरलं होतं. तिंदारोनं त्याचा हात मागं पिरगाळला होता, आणि काकानं ओंडका उचलला होता.

"वेटर हाय ना हा? कुठल्या हातानं ताटं उचलतो गं?"

"जा तू!" सावेरिओ ओरडला. "जा, निन्फा!"

ओंडका खाली आला. आवाज तिला इंजिनाच्या घरघरीतूनही ऐकू आला. सावेरिओची किंकाळी त्याच्यानंतर आली.

काकानं ओंडका पुन्हा उचलला. परत जाऊन होडी दिली, तरी आता तो थांबणार नव्हता. त्याचं तोंडच तसं झालं होतं. निन्फानं शिवी हासडली, काकाला की बापाला तिलाच कळलं नाही, आणि सुकाणू वळवलं. किनाऱ्याच्या टोकाला पाण्यातून वर आलेला खडक आहे, त्याच्याकडं. वळवून इंजिन बंद केलं. होडी लाटांना आडवी झाली.

"अरे ए! ए! आडवी नको!" काकाच्या हातातला ओंडका कधी पडला त्यालाच कळलं नाही. तिघेही सावेरिओला सोडून पाण्यात शिरले, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, हात पुढं करून. पहिल्या लाटेनं होडी खडकावर आपटली. दुसरीनं तिंदारोची बोटं खडक नि होडीच्या मधे चिरडली, तो बैलासारखा डुरकला. तिसरीनं होडीचा कणा मोडला.

निन्फा वल्हं घेऊन पाण्यात पडली. बाहेर आली तेव्हा गुडघे सोलले होते. काका छातीभर पाण्यात उभा होता, एक हिरवी फळी पोटाशी धरून, नि मोठमोठ्यानं रडत होता.

"होडी मारलीस गं! रांडे, होडी मारलीस!"

तिनं सावेरिओला काखेत धरून उठवलं. त्याचा हात कोपराखाली नको तिथं वाकला होता.

"होडी?" त्यानं विचारलं.

"चल."

"निन्फा, होडी कुठंय?"

"चल म्हणते ना!"

चढावर पहिल्या वळणाला निवडुंगाचं कुंपण आहे. तिथं तिनं त्याला दगडावर बसवलं, वल्हं दोन्ही हातांनी धरलं आणि कुंपणाला हाणायला सुरुवात केली. पानं फुटली, चीक उडाला, काटे तिच्या दंडात, गालात घुसले. सावेरिओ मोडका हात मांडीवर घेऊन बघत राहिला.

"झालं?" बऱ्याच वेळानं तो म्हणाला.

"नाही," ती म्हणाली, आणि वल्हं पुन्हा उचललं.