ठणठणीत

आधीच सांगून टाकते, मी कामचुकार नाही. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसातून नऊ जण फील्डवर जातात आणि त्यात सगळ्यात जास्त दारं मी वाजवलीत. "कल्पिताला काम दिलं की विसरून जायचं," असं आमचे बॉस राकेश सर पाहुण्यांना सांगायचे. त्यामुळे त्या गुरुवारी जे झालं ते आळसाने झालं असं कोणी म्हटलं की माझं डोकंच फिरतं. आळसाने नाही झालं. सवयीने झालं.

आमचं ऑफिस दुसऱ्यांना अभ्यास करून देतं. कसलाही. कोणाला जाणून घ्यायचं असतं की टिटवाळ्याकडे भाताच्या किती खाचरांवर बिल्डिंगी आल्या. कोणाला हवं असतं की नवीन गोळी घेतल्यावर माणसाला काय काय होतं. एका कंपनीला तर हे हवं होतं की परदेशात शिकायला पाठवलेली तिची माणसं परत आल्यावर खरंच वेगळं काम करतात का, की नुसते फोटो दाखवतात. अभ्यास वेगवेगळे, पण टॅब एकच, निळी बॅग एकच आणि ती पाठीवर टाकून फिरणारी बाईही एकच, मी.

जमिनीच्या अभ्यासात एक नियम होता. घर बंद असलं तर शेजाऱ्याला विचारा आणि भरा. बरोबरच होतं ते. समोरच्या तुकड्यात भात आहे की टॉवर, हे शेजाऱ्यालाही दिसतंच की. दोन वर्षं मी तेच केलं. बंद घर, शेजारी, भरलं, पुढचं दार. हाताला तसं वळणच लागलं.

मग गोळीचा अभ्यास आला. ब्लड प्रेशरची नवीन गोळी होती. डॉक्टरांनी दवाखान्यात तपासून गोळी सुरू करायची, आणि मग आम्ही दर महिन्याला पेशंटच्या घरी जाऊन मशीनने प्रेशर आणि नाडी मोजायची, आठ प्रश्न विचारायचे. चक्कर येते का, पाय सुजतात का, असे. कल्याणपासून टिटवाळ्यापर्यंतचे एकेचाळीस पेशंट माझ्याकडे होते. इथे घर बंद असेल तर शेजाऱ्याला विचारायचं नाही, सरळ 'भेट झाली नाही' लिहायचं, असं आम्हाला दोनदा बजावलेलं. मीही मान डोलावलेली.

पण 'भेट झाली नाही' लिहिलं की टॅबवर लाल चौकोन येतो, आणि महिन्याच्या मीटिंगला राकेश सर ते चौकोन भिंतीवर लावून नावानिशी वाचतात. माझ्या नावापुढे एकही लाल नव्हता. म्हणून तर ज्या परदेशी संस्थेसाठी हे काम चाललेलं, तिने नेदरलँड्सला सहा महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी आमच्यातून एकच नाव उचललं, माझं. रविवारचं विमान होतं. आईने डोंबिवलीच्या बाजारातून दोन स्वेटर आणि एक माकडटोपी आणून ठेवलेली, आणि आमच्या चाळीत हे माहीत नसलेलं एकही माणूस उरलं नव्हतं.

गुरुवारी अकराच्या सुमाराला राकेश सर केबिनमधून बाहेर आले. तोंड उतरलेलं.

"दुसऱ्या सेंटरचा एक पेशंट गेला," ते म्हणाले. "डबल डोसवर होता. नाडी मंदावत गेली. पाय आधीपासून सुजत होते, चक्कर येत होती, पण फॉर्ममध्ये कोणी लिहिलंच नाही. आता सगळ्यांचे फॉर्म तपासणार." मग माझ्याकडे बघून जरा हसले. "तुझं बरंय, कल्पिता. तुझ्या यादीत एकाचीही तक्रार नाही."

तीन महिने तक्रार नसली की चौथ्या महिन्यापासून डोस डबल, असा त्या अभ्यासाचा हिशोब होता. गोळ्यांचं पाकीट कुरियरने परस्पर घरी जायचं. मी टॅब उघडला आणि यादी खाली सरकवत गेले. आंबिवलीजवळच्या गावातल्या कमळाबाई, वय एकाहत्तर, सोमवारपासून डबल डोस.

कमळाबाईंना मी एकदाच भेटलेले, दवाखान्यात त्यांचं नाव घातलं त्या दिवशी. पिशवीतली चार बोरं माझ्या हातावर ठेवून म्हणालेल्या, "खा बाय, उन्हाची फिरतेस." त्यानंतर तिन्ही महिने त्यांच्या दाराला कुलूप. शेजारच्या रखमाबाई ओट्यावरूनच सांगायच्या, "ती? ठणठणीत हाय. शेतावर गेलीय." आणि मी तिथेच उभी राहून आठही प्रश्नांपुढे 'नाही' टाकायचे. प्रेशरचा आकडा मागच्यापेक्षा दोन-चारने इकडेतिकडे करायचे, कॉपी केल्यासारखा वाटू नये म्हणून. एवढी हुशारी होती मला! आत्ताही हे सांगताना स्वतःच्या कानाखाली आवाज काढावासा वाटतो.

कमळाबाईंच्या नावापुढे नंबर रखमाबाईंचाच होता. जिन्यात जाऊन फोन लावला.

"ठणठणीत हाय," रखमाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

खरं सांगते, एक क्षण बरं वाटलं मला. आहे ना ठणठणीत, झालं तर मग. पण तिन्ही महिने त्यांनी हेच, याच शब्दांत सांगितलेलं. सरांना "आंबिवलीला जाऊन येते" एवढंच सांगितलं. "आता कशाला? बॅग भर की," ते म्हणाले. मी बॅग उचलली, ती निळी.

आंबिवलीला उतरून रिक्षा केली. रस्ताभर मनात एकच चाललेलं, दार उघडं असू दे, कमळाबाई ओट्यावर बसलेल्या असू देत, मला दोन शिव्या घालू देत. गावाच्या तोंडाशी नव्या टॉवरचे पत्रे ठोकलेले. त्यांच्या मागे बोळ, बोळात ती दोन घरं. कमळाबाईंच्या दाराला कुलूप होतं. तीन महिने मी ते कुलूप बघत आलेले. त्याच्यावर कोळ्याचं जाळं आहे, हे मला त्या दिवशी दिसलं.

शेतावर जाणारी बाई रोज कुलूप काढते, घालते. हे कुलूप कोणी कितीतरी दिवसांत हातात घेतलेलं नव्हतं.

रखमाबाई ओट्यावर वाल सोलत बसलेल्या. मला बघून मान वरही केली नाही.

"मावशी, कमळाबाई कुठे आहेत?"

"ठणठणीत हाय. शेतावर गेलीय."

"कुठल्या शेतावर?" माझा आवाज चढला. "त्यांचा एकच तुकडा उरलाय, त्या पत्र्यांच्या मागे. मीच लिहून नेलंय ते दोन वर्षांपूर्वी. पडीक आहे. त्यात रान माजलंय कमरेएवढं. तिथे त्या रोज काय करायला जातात?"

रखमाबाईंचे हात थांबले. पहिल्यांदा त्यांनी मला नीट बघितलं, आणि मग माझ्या बॅगेकडे.

"तूच ना ती? जमिनी लिवायला आयलेली?"

"हो, पण आता मी..."

"तू लिवून गेलीस आन् म्हैन्याभरात दलाल आयलं. हीच निली बॅग व्हती तुझी."

त्या अभ्यासाचा आणि दलालांचा काही संबंध नव्हता, हे मला माहीत होतं. पण ते त्यांना कोणी सांगितलेलं? टॅब घेऊन येणारी बाई म्हणजे जमिनीची बाई. ती काहीही विचारो, प्रेशर विचारो नाहीतर पायांची सूज, उत्तर एकच द्यायचं. आणि मी शहाणी तेच उत्तर घेऊन तीन महिने घरी जात होते.

मी त्यांच्या समोर खालीच बसले. "मावशी, मी जमिनीची नाही आता. गोळीची आहे. तुमच्या शब्दावर मी लिहिलं की कमळाबाईंना काही त्रास नाही. त्यांना न बघता लिहिलं. मी खोटं लिहिलं, मावशी. त्या लिहिण्यावरून त्यांची गोळी डबल झालीय, आणि तशा गोळीने तिकडे एक माणूस मेलाय. तुम्हाला मला मारायचं असेल तर नंतर मारा. त्या कुठे आहेत तेवढं सांगा."

रखमाबाईंनी वालाची परात बाजूला सरकवली, गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि स्वतःच्याच घरातल्या मागच्या खोलीची कडी काढली.

"तिचा पुतन्या जमिनीचा कागद घेवून फिरतोय," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "म्हातारी हातरुनाला लागली असा कलला त अंगठा घ्यायला दोन घटका लागनार नाय त्याला. तीन म्हैनं पाय सुजतान, चक्कर येतय तिला, म्हनून इथं ठेवलीय. जो ईल त्याला सांगतय, ठणठणीत."

खोलीत अंधार होता. कमळाबाई गोधडीवर पडलेल्या. मी आधी पाय बघितले. इतके सुजलेले की घोटे दिसतच नव्हते. तोंड पांढरंफटक पडलेलं. दंडाला पट्टा बांधला तर मशीन दोनदा चुकलं म्हणालं. तिसऱ्यांदा नाडीचा आकडा आला, छत्तीस.

त्यांनी डोळे उघडले. मला ओळखलं की नाही कोण जाणे, पण बॅग ओळखली.

"आयलीस गो? गोल्या घेतय हां मी. येक बी चुकवली नाय."

"मीच देतय," रखमाबाई मागून म्हणाल्या. "सांजसकाल. नव्या पाकिटान मोठी गोली आयली. ती मंगलवारपास्ना उठलीच नाय. मना वाटला, गोली मोठी हाय, गुन यायला टाईम लागल."

मला रडू यायला हवं होतं. पण भीतीने तेही येईना. मी बोळाच्या तोंडाशी थांबवून ठेवलेल्या रिक्षावाल्याला हाक मारली, आणि आम्ही तिघांनी मिळून त्यांना उचललं.

कल्याणच्या दवाखान्यापर्यंत माझी बोटं त्यांच्या मनगटावर होती. एक ठोका लागायचा, मग काहीच नाही. मी श्वास धरून बसायचे. आता नाही येणार, आता नाही येणार, म्हणेपर्यंत पुढचा लागायचा. आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते मी. मधेच राकेश सरांचा फोन आला. कमळाबाईंना दवाखान्यात नेतेय, असा मीच आधी मेसेज टाकलेला.

"ऐक, घाबरू नकोस," ते हळू आवाजात म्हणाले. "तिथे एवढंच सांग की त्रास कालपासून सुरू झाला. कालपासून, कळलं? फॉर्म मी बघतो. रविवारी तू विमानात असशील."

मी फोन ठेवून दिला. पुढचा ठोका मोजायचा होता.

कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर होती. तिने तारा लावल्या, पडद्याकडे बघितलं आणि तिचा चेहराच बदलला. "त्रास कधीपासून आहे?"

रखमाबाई पुढे झाल्या. डॉक्टरच्या हातात टॅब नव्हता, पण गळ्यात ओळखपत्र होतं ना. "काय नाय वो," त्या सवयीने म्हणाल्या. "तशी ठणठणीत..."

"तीन महिन्यांपासून," मी म्हणाले. "पाय सुजलेत, चक्कर येते. सोमवारी डोस डबल झाला. फॉर्ममध्ये सगळं 'नाही' लिहिलंय. ते खोटं आहे. मी लिहिलंय."

गोळ्यांचं पाकीट तिच्या हातात दिलं. एकेक वाक्य बोलताना आईची माकडटोपी डोळ्यासमोर येत होती, का कोण जाणे. डॉक्टरने इंजेक्शन मागवलं, कोणाला तरी फोन केला, पुन्हा इंजेक्शन दिलं. आम्ही दोघी भिंतीला पाठ लावून उभ्या. रखमाबाईंनी माझा दंड इतका घट्ट धरलेला की तिथे वळ उठला. पडद्यावरचा आकडा चाळीस झाला. मग चव्वेचाळीस. बराच वेळ तिथेच अडून राहिला. बावन्न झाला तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा खुर्चीत बसली.

"वाचतील असं वाटतंय," ती म्हणाली. रखमाबाई मटकन खालीच बसल्या आणि पदराने तोंड झाकून रडायला लागल्या.

डॉक्टर माझ्याकडे वळली. ओरडेल असं वाटलेलं, पण नाही ओरडली. नुसतं विचारलं, "असे आणखी किती आहेत?"

हाच प्रश्न मी सकाळपासून स्वतःला विचारू दिला नव्हता. केस पेपर उलटा केला आणि मागे नावं लिहायला घेतली. टॅब बघावा लागला नाही. प्रत्येक कुलूप मला आठवत होतं, आणि प्रत्येक कुलपाशेजारचा ओटा, आणि तिथून आलेलं उत्तरही. कमळाबाईंना सोडून आणखी दहा नावं झाली. दहाही जण सोमवारपासून डबल डोसवर होते.

"फोन लावा," डॉक्टर म्हणाली. "एकेकाला. गोळी बंद, आणि ताबडतोब इथे आणा म्हणावं."

सरांचा पुन्हा फोन येत होता, तो मी कापला. पहिलं नाव टिटवाळ्याच्या देवराम आजोबांचं होतं. बराच वेळ रिंग वाजली, मग एका बाईने उचलला. बहुतेक सून असावी.

"देवराम आजोबांची तब्येत कशी आहे?" मी विचारलं.

"एकदम ठणठणीत," ती पटकन म्हणाली. "कोण बोलताय?"

"मी गोळीवाली. मी आजोबांना न बघताच फॉर्म भरला, ताई. माझी चूक आहे. फोन त्यांच्या कानाला लावा. मला त्यांचा आवाज ऐकायचाय, आत्ता."

पलीकडे कुठेतरी टीव्ही चालू होता, तो तेवढा ऐकू येत होता.

"ताई," मी म्हणाले, "लावा ना त्यांच्या कानाला."