ब्याड

इंजिन पकडलं म्हणजे काय, हे पुण्याच्या माणसाला सांगता सांगता माझ्या तोंडाला फेस आला. "कुणी पकडलं, पोलिसांनी?" म्हणून हसतोय आपला. मी म्हटलं, "साहेब, पिस्टन आन् सिलिंडरच्या मधी केसाएवढी फट ठेवावी लागती. ठेवली न्हाय, की इंजिन तापल्यावर पिस्टन फुगतो आन् आतल्या आत अडकून बसतो. वर न्हाय, खाली न्हाय. त्याला आमी पकडलं म्हणतो."

"वा काकू!" तो म्हणाला. "आण्णांनी तुम्हाला बरंच शिकवलंय की."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण हसले. तीन वर्षं मी हेच करतेय.

नीट पहिल्यापासनं सांगते. माझं नाव प्रभा. माहेर वैरागचं, सासर अक्कलकोटाकडचं कानडी, आन् संसार हितं सोलापुरात, जोडभावी पेठेतल्या पत्र्याच्या शेडात. पुढं दुकान, मधी पडदा, पडद्यामागं घर. मालकांचं नाव गुरुशांत, पण सगळी पेठ त्यांना आण्णा म्हणती. त्यांचा धंदा म्हणाल तर अर्धा मेकॅनिकचा आन् अर्धा येडेपणाचा. भंगारातनं जुन्या मोपेडचं इंजिन आणायचं, खोलायचं, डिझेलमधी धुवायचं, नवा पिस्टन, नव्या रिंगा घालून बांधायचं आन् बावीस इंची काळ्या सायकलीच्या पोटात बसवायचं. वर लांबट टाकी, पुढं गोल दिवा, मागं वळलेलं हँडल. आजोबाच्या लग्नाच्या फोटोत शोभंल अशी फटफटी. बड्या लोकांना लई हौस त्याची. आन् आमचे मालक नुसतं बसवायचे न्हाईत. धूर बाहेर पडायची वाट गोल कानशीनं अशी मोकळी करायचे, की तेच इंजिन दीडपट ओढायचं. सगळं झालं की शेवटी अक्षराचा पोलादी पंच धरून हातोडीचे दोन ठोके. जी. एस. त्यांचा शिक्का. तो शिक्का बघून लोक कोल्हापुरातनं, बेळगावातनं यायचे.

तीन वर्षांमागं एका सकाळी त्यांच्या हातातनं चहाची बशी सुटली. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणं गेलं. एक शब्द तेवढा राहिला. ब्याड. कानडीत ब्याड म्हणजे नको. एवढ्या शब्दांतनं देवाला ठेवायला हाच घावला! चहा देऊ का? ब्याड. आन् कप तोंडाला लावला की घटाघटा सगळा पिणार. उशी सारखी करू? ब्याड. डॉक्टर म्हणाले, "त्यांना सगळं कळतं, ऐकूही येतं. फक्त त्यांच्याकडे शब्द एवढाच आहे. कधी 'नको' असेल, कधी दुसरं काही असेल. तुम्ही ओळखायचं." ओळखायचं म्हणे. मी काय ज्योतिषी हाय?

पंधरा दिवसांत धाकटे दीर आले, शिवशरण. कॉटवर बसले, भावाच्या पायावर हात फिरवला आन् म्हणाले, "वहिनी, दुकान मोडा. गावाला चला दोगं. गोठ्याशेजारची खोली रिकामी हाय. तुमाला तितं भाकरी थापायला काय कमी न्हाय." माणूस वाईट न्हाय हो. पण मी कशी जाऊ? वीस वर्षं मी मालकांच्या शेजारी स्टुलावर बसून रिंगा घासल्या, सिलिंडर धुतले. त्यांच्या डोळ्याला चष्मा लागल्यापासनं तर बारीक काम सगळं मीच करत व्हते. हाताला ग्रीस लागलं न्हाय तर मला दिवस उगवल्यासारखा वाटत न्हाय. आन् हा मला गोठ्याशेजारी नेणार.

मी म्हटलं, "दुकान कशाला मोडायचं? आण्णांचा डावा हात चालतोय की. बसून करत्यात काम. मी आपली पान्हा देते, हातोडी देते."

ते पहिलं खोटं. तवापासनं तेच चालू हाय. गिऱ्हाईक पुढं दुकानात बसायचं, मी पडदा ओढून मागं इंजिन बांधायची. मागनं आवाज यायचा, "ब्याड!" गिऱ्हाईक विचारायचं, "आण्णा काय म्हणत्यात?" मी सांगायची, "म्हणत्यात, गुरुवारी न्या." दुसऱ्याला सांगायची, "म्हणत्यात, तेल चांगलं घालत जा." त्या एका शब्दाचं मी काय काय केलं, ते माझं मला ठावं. लोक खूश. आण्णा आजारी असून बी काय डोकं चालतंय, म्हणायचे.

एका बाबतीत मात्र ते शब्द बरोबर वापरायचे. इंजिन बांधून झालं की मी सायकल कॉटला भिडवायची, सुरू करायची, पेचकसचं टोक इंजिनावर ठेवायची आन् मूठ त्यांच्या कानाला लावायची. आतला बारीक आवाज त्यातनं ऐकू येतो. काय चुकलं असंल तर "ब्याड!" मी परत खोलायची, आन् खरंच काय तरी निघायचं. बरोबर असंल तर गप्प. डोळे मिटून शांत ऐकत बसायचे. त्या गप्प बसण्यासाठी मी दिवस दिवस राबायची, खोटं कशाला बोलू.

पण मग मी पंच उचलला की वरडायचे. "ब्याड! ब्याड!" डावा हात गादीवर आपटायचे. प्रत्येक इंजिनाला. इंजिन पास आन् शिक्क्याला नको! मला काय कळायचं ते कळलं. बायकोच्या हातचं चालंल, पण त्याच्यावर माझं नाव नको. तेवढ्या लायकीची न्हाय ती. मी ओठ चावून दोन ठोके मारायची आन् उठायची. त्या दिवशी त्यांच्या भाजीत मीठ जरा जास्तच पडायचं.

आता तो पुण्याचा माणूस, पृथ्वीराज. पुण्याजवळ त्याचं मोठं हॉटेल हाय, झाडी, तळं असलेलं. पाहुण्यांना आवारात फिरवायला त्याला बारा फटफट्या पायजे व्हत्या. बारा! दिरांनी तवर आमाला गावाला न्यायला दिवाळीनंतर टेम्पो घेऊन यायचं ठरवून टाकलं व्हतं. भाड्याच्या शेडात दोन-दोन महिन्यांनी एक गाडी विकून दुकान किती दिवस चालणार, त्यांचं तरी काय चुकलं? पण बारा गाड्यांचं काम असल्यावर कोण दुकान मोडतंय? मी लगेच हो म्हटलं.

"फक्त एक आहे काकू," पृथ्वीराज म्हणाला. "मला आण्णांच्याच हातचं हवंय. पहिल्या इंजिनावर ते शिक्का मारतायत, असा छोटा व्हिडिओ घेऊ. लोकांना गोष्ट लागते. नुसती सायकल कुणी बघत नाही."

तो पुढच्या बुधवारी येणार व्हता. मी आठ दिवसांत इंजिन बांधलं. असलं इंजिन मी जन्मात बांधलं न्हवतं. मंद्रूपच्या रस्त्याला सकाळी जाऊन चालवून आले, रस्त्यावरची माणसं वळून बघत व्हती. पेचकस कानाला लावला तर मालक गप्प. डोळे मिटलेले, ओठ जरा हललेले. मला वाटलं, हसले. मी म्हटलं, चला, आता शिक्क्याचा ठोका मारायला शिकवून टाकू. पंच मी धरला, हातोडी त्यांच्या डाव्या हातात दिली.

"ब्याड!" हातोडी भिंतीवर.

परत दिली. परत भिंतीवर.

मग माझा बांध फुटला. "व्हय, माझं काम तुमच्या नावाच्या लायकीचं न्हाय! हेच ना? तीन वर्षं हेच ऐकते मी! मग चला गोठ्यात, तितं ब्याड ब्याड करत बसा, म्हशी ऐकत्याल!" शेजारची रेश्मा दारातनं डोकावून गेली. त्यांच्या डोळ्यातनं पाणी आलं. डॉक्टर म्हणाले व्हते, अशा माणसाला उगीच बी रडू येतं. मी पदरानं पुसलं आन् भाजी चिरायला बसले.

बुधवारी मी त्यांची दाढी केली, पांढरा सदरा घातला, पाठीला दोन उशा दिल्या. दुपारचा एक वाजला असंल, पत्रा नुसता भाजत व्हता. पृथ्वीराजनं पडदा स्वतःच बाजूला सारला, वाकून मालकांच्या पाया पडला, मोबाइल उभा धरला. इंजिन सायकलीतनं काढून कॉटवर लाकडी पाटावर ठेवलेलं. मी पंच धरला, हातोडी त्यांच्या बोटांत अडकवली आन् मनात म्हटलं, सिद्धरामा, एवढ्या वेळी सांभाळ.

"आण्णा," पृथ्वीराज म्हणाला, "हे इंजिन तुमच्या हातचं ना?"

मालकांनी हातोडी सोडली. फेकली न्हाय, सोडून दिली. आन् त्या रिकाम्या हातानं माझं मनगट धरलं. पंच धरलेला, ग्रीसनं काळा झालेला माझा हात त्यांनी वर उचलला. कुस्ती जिंकलेल्या पोराचा हात वस्ताद उचलतो ना आखाड्यात, तसा. मोबाइलसमोर धरला आन् म्हणाले, "ब्याड." वरडून न्हाय. हळू. आपल्या छातीवर हनुवटी टेकवली, "ब्याड", आन् माझा हात आणखी वर केला.

अगं बाई गं! एवढं साधं. माझं नाव नको. हिचं घाल. तीन वर्षं हा माणूस एका शब्दात हेच सांगत व्हता, आन् मी भाजीत मीठ घालत व्हते.

"काय म्हणतायत?" पृथ्वीराज विचारत व्हता. मोबाइल चालूच.

ते घर, तो पडदा, त्या उशा, सगळं एकदम अंगावर आल्यासारखं झालं. खरं सांगावं तर मोबाइल खाली, बारा गाड्या खाली, दिवाळी झाली की टेम्पो दारात. माझं नाव लागंल, पण ते लावायला परत इंजिन मिळणार न्हाय. खोटं बोलावं तर इंजिनं माझ्या हातात राहणार, आन् शेजारी माझं मनगट धरून बसलेला माणूस सगळं ऐकणार. त्याला कळतं सगळं. वर न्हाय, खाली न्हाय, अशी अडकले मी. पृथ्वीराजनं भुवया वर केल्या.

"म्हणत्यात," मी म्हटलं, "व्हय, माझ्याच हातचं. उजवा हात गेल्यापासनं हिचा हात धरून करवून घेतो, म्हणत्यात. हिचा हात म्हणजे माझाच हात."

"वा!" पृथ्वीराजच्या डोळ्यात पाणी आलं, खरंच आलं. "काकू, हे एक नंबर झालं."

माझ्या मनगटावरची बोटं सुटली. एक एक करून. मग मी त्यांच्या हातात हातोडी धरली, त्यांच्या हातावर माझा हात ठेवला आन् दोन ठोके मारले. जी. एस. त्यांचा हात ओल्या फडक्यासारखा ढिला पडला व्हता. ब्याड म्हणाले न्हाईत.

तवापासनं त्यांनी तोंड उघडलं न्हाय. जेवायला, प्यायला तेवढं उघडत्यात. चहा देऊ का, तर गप्प. उशी सारखी करू, तर गप्प. मी घाबरून डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, "नवीन काही झालेलं नाही, काकू. सगळं होतं तसंच आहे." व्हिडिओ पुण्यात लई गाजला म्हणे. दिरांनी बी बघितला, फोन करून रडले, टेम्पोचं नाव काढलं न्हाय परत. बारातली सहा इंजिनं गेली, सहाही शिक्क्याची. प्रत्येकाला पंच उचलला की मी थांबते, कॉटकडं बघते. ते पत्र्याकडं बघत असत्यात.

परवा मी एक केलं. सातवं इंजिन बांधताना पिस्टनची पिन मुद्दाम ढिली ठेवली. सुरू केलं तर खटखट, खटखट. रस्त्यानं जाणारा अडाणी माणूस बी म्हणाला असता, बाई, काय तरी चुकलंय. मी सायकल कॉटला भिडवली, पेचकसचं टोक इंजिनावर ठेवलं, मूठ त्यांच्या कानाला लावली.

गप्प.

"ऐका की ओ," मी म्हटलं. "वाईट बांधलंय मी. चुकलंय माझं. ब्याड म्हणा की. एकदा म्हणा."

खटखट चालूच. ते डोळे उघडे ठेवून गप्प पडून राहिले. माझा हात दुखायला लागला तरी मी पेचकस काढला न्हाय.

पुढं दुकानात एक गिऱ्हाईक येऊन बसलं व्हतं. त्यानं पडद्यापलीकडनं हाक मारली, "वहिनी, काय म्हणत्यात आण्णा?"

मी इंजिन बंद केलं, डोळे पुसले.

"म्हणत्यात," मी म्हटलं, "गुरुवारी न्या."